जुनी गाडी घेतली, आता इंजिन फ्लश मारायचा का?

पुण्यात सेकंडहँड गाडी घेतली की पहिल्याच सर्व्हिसिंगला हा प्रश्न येतो. गाडी रॅम्पवर चढलेली असते, मेकॅनिक हात पुसत येतो आणि म्हणतो, "साहेब, आधीच्या मालकाने ऑइल कसं वापरलंय काय माहीत, फ्लश मारून टाकू का? आतून एकदम क्लीन होईल." काही शे रुपयांचा कॅन, पंधरा मिनिटांचं काम, आणि आपल्यालाही वाटतं की दुसऱ्याची घाण आपल्या गाडीत कशाला ठेवायची, टाका एकदाचं. माझं म्हणणं एवढंच आहे की हे "टाका" म्हणायच्या आधी इंजिनच्या आत एकदा बघून घ्या. कारण यात अडचण अशी आहे की ज्या इंजिनला फ्लश आरामात झेपतो ते इंजिन मुळातच बऱ्यापैकी स्वच्छ असतं, आणि ज्याला साफसफाईची खरी गरज असते नेमकं त्याच इंजिनमध्ये फ्लश धोक्याचा ठरू शकतो, आणि जुनी गाडी घेतल्यावर आपल्याकडे यातलं कुठलं इंजिन आलंय तेच आपल्याला माहीत नसतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. इथे कूलंट फ्लशबद्दल बोलत नाहीये, तो वेगळा विषय. इथे बोलतोय ते कॅनमधलं सॉल्व्हंट ऑइलमध्ये ओतून इंजिन ऑइलच्या रस्त्यात जमलेलं काळं काढण्याबद्दल.

हा ऑइलचा रस्ता डोक्यात बसला की बाकीचं सगळं आपोआप कळतं. ऑइल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या टाकीत असतं. चेंबरमध्ये एक नळी बुडालेली असते आणि नळीच्या तोंडाला जाळी असते. ऑइल पंप त्या जाळीतून ऑइल ओढतो, पुढे ते फिल्टरमधून जातं, मग ब्लॉकमधल्या बारीक वाटांनी क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) बेअरिंगला, वर हेडमध्ये व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला आणि टॅपेटला, टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरला, टर्बो (इंजिनमध्ये जास्तीची हवा ढकलणारा पंखा) असेल तर एका बारीक पाइपने टर्बोला, आणि सगळीकडून खाली गळून परत चेंबरमध्ये. आता यात क्रम लक्षात ठेवा, जाळी पंपाच्या आधी आहे आणि फिल्टर पंपाच्या नंतर. लोक म्हणतात फ्लशने सुटलेली घाण फिल्टर पकडेल ना. बारीक घाण पकडेलही, पण सुटलेला मोठा तुकडा फिल्टरपर्यंत पोचतच नाही, तो आधी जाळीवर येऊन चिकटतो आणि पंपाला ऑइलच मिळेनासं होतं. मोरीचा पाइप खरवडला की सगळा गाळ जाऊन पुढच्या जाळीवर बसतो ना, अगदी तसं, फरक एवढाच की मोरी तुंबली तर पाणी साचतं, इथे चालू इंजिनचं बेअरिंग कोरडं पडतं. बेअरिंग आणि क्रँकमधली फट मिलीमीटरच्या काही शतांश भागाएवढी असते आणि त्या फटीत प्रेशरने भरलेलं ऑइल हाच काय तो आधार असतो, त्यामुळे ऑइलशिवाय चालू राहिलेलं इंजिन फार वेळ देत नाही.

आणि फिल्टरचंही एक आहे. त्यात बायपास व्हॉल्व्ह असतो, म्हणजे फिल्टर चोक झाला की व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता तसंच पुढे जातं. हे मुद्दामच केलेलं असतं, कारण ऑइल अजिबात न मिळण्यापेक्षा घाण ऑइल मिळालेलं बरं. पण फ्लशने एकदम भरपूर काळं सुटलं आणि फिल्टर भरला, तर तीच घाण व्हीव्हीटीच्या (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) सोलेनॉइडच्या बारीक जाळीत, हायड्रॉलिक टॅपेटमध्ये नाहीतर टर्बोच्या पाइपमध्ये जाऊन बसू शकते. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, त्याला ऑइल थोडंसं जरी कमी पडलं तरी भोवतं.

बरं, हे काळं येतं कुठून? गरम ऑइलचा हवेशी संबंध आला की ते हळूहळू ऑक्सिडाइझ होतं, घट्ट होतं. पिस्टनच्या रिंगमधून थोडा जळालेला गॅस खाली येतो, मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तो, आणि त्याच्याबरोबर काजळी, न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ येते. पाण्याचं कित्येकांना माहीत नसतं, एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, बहुतेक सगळं सायलेन्सरमधून बाहेर जातं पण थोडं ऑइलमध्ये उतरतंच. इंजिन नीट तापलं तर ते उडून जातं. नाही तापलं तर तिथेच राहून ऑइलमधल्या बाकीच्या कचऱ्याशी मिसळतं आणि गाळ व्हायला लागतो. टेम्परेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं होत नाही बरं का, काटा कूलंटचा असतो, ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं.

आता पुण्यातली गाडी डोळ्यासमोर आणा. कोथरूडहून डेक्कन, मुलांना शाळेत सोडणं, भाजी, परत घरी, प्रत्येक वेळी तीन-चार किलोमीटर आणि इंजिन बंद. किंवा दुसरं टोक म्हणजे रोज हिंजवडी, फर्स्ट-सेकंडमध्ये रांगत. हिशोब करून बघा, ताशी १५ च्या अॅव्हरेजने १०,००० किलोमीटर व्हायला इंजिन साडेसहाशेच्या वर तास चालतं आणि हायवेवर ताशी ५० च्या अॅव्हरेजने तेवढ्याच अंतराला २०० तास. मीटरवर दोन्ही गाड्या सारख्या, पण ऑइलच्या दृष्टीने एक गाडी तिप्पट वापरली गेलीये. म्हणून "फक्त ४०,००० रनिंग, सिंगल ओनर, लेडी ड्रिव्हन" असं ऐकलं की मला उलट ऑइलची काळजी वाटते, त्यापेक्षा पुणे-नाशिक रोज पळालेली लाखभर किलोमीटरची गाडी आतून कितीतरी स्वच्छ निघू शकते, ऑइल वेळेवर बदललेलं असलं तर. मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी ऑइल लवकर बदलायचं वेगळं शेड्यूल असतं, ते फारसं कुणी वाचत नाही, आणि आपला शहरातला वापर बहुतेक त्यातच मोडतो.

सगळा दोष मालकाचाच असतो असंही नाही. अमेरिकेत १९९७ ते २००२ च्या मॉडेलांमधल्या टोयोटाच्या काही पेट्रोल इंजिनांमध्ये गाळाची एवढी प्रकरणं झाली की २००२ मध्ये कंपनीला त्यासाठी खास वॉरंटी द्यावी लागली. म्हणजे काही इंजिनांची रचनाच अशी असते की हेडमध्ये ऑइल जास्त तापतं नाहीतर हवा खेळत नाही. यातली एक छोटी वस्तू आपल्या हातातली आहे, पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनच्या आतली वाफ आणि गॅस ओढून परत जाळायला पाठवायचं काम त्याचं. तो चोक झाला असेल तर कितीही फ्लश मारा, काळं परत जमणारच. जुनी गाडी घेतली की हा व्हॉल्व्ह आणि त्याचा पाइप आधी बघायला सांगा, बऱ्याच गाड्यांत पार्ट स्वस्त असतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्याला कुणी हातच लावलेला नसतो.

फ्लशच्या कॅनमध्ये असतं काय, तर पातळ सॉल्व्हंट, रॉकेलच्या जातीचं, आणि त्यात डिटर्जंट. जुन्या ऑइलमध्येच ओतायचं, इंजिन दहा-पंधरा मिनिटं आयडलला चालवायचं आणि सगळं गरम असतानाच काढून टाकायचं. साडेतीन लिटर ऑइलमध्ये ३०० मिली कॅन गेला की ऑइलचा बारावा-तेरावा भाग सॉल्व्हंट झाला, म्हणजे ऑइल पातळ झालं, म्हणून तेवढ्या वेळात रेस करायची नाही, गाडी चालवायची तर अजिबातच नाही. चांगल्या कंपनीचा कॅन कॅनवर लिहिलंय तसा वापरला तर चांगल्या इंजिनला त्याने सहसा काही होत नाही हेही खरं आहे, उगाच बाऊ करण्यात अर्थ नाही. पातळसा पिवळा-तपकिरी थर, ज्याला वार्निश म्हणतात, तो थोडा निघतो, पिस्टनच्या किंचित अडकलेल्या ऑइल रिंगला कधीकधी फायदा होतो. पण वर्षानुवर्षं जमून कडक झालेला थर पंधरा मिनिटांत विरघळत नाही. तो मऊ होतो, कडेने सुटतो, आणि तुकड्याने खाली येतो. मोठा धोका तो हा.

दुसरा धोका सीलचा. जुनं ऑइल सील आणि पॅकिंग कडक झालेलं असतं, त्याच्या फटीत काळं बसून ती बंद झालेली असते, सॉल्व्हंटने ते काळं गेलं की गळती सुरू. मेकॅनिक म्हणणार सील आधीच गेलेलं होतं, आणि खरंय ते, पण गळत नव्हतं ना.

आणि हो, डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन चालू करायचा जो जुना प्रकार काही गॅरेजमध्ये अजून चालतो, त्याला सरळ नाही म्हणा. उतरवलेला पार्ट रॉकेलमध्ये धुणं वेगळं, त्यात काही वाईट नाही. पण चेंबरमध्ये डिझेल भरून इंजिन फिरवायचं म्हणजे बेअरिंगला ऑइलच्या जागी जवळजवळ पाणी द्यायचं. वर सगळं ऑइल कधीच निघत नाही, कोपऱ्यात थोडंफार राहतंच, म्हणजे नवीन महागाच्या ऑइलमध्ये पहिल्या मिनिटापासून डिझेल मिसळलेलं.

ओळखीतल्या एकाने डिझेल हॅचबॅक घेतली होती, दुसरी की तिसरी ओनर असेल, एका गॅरेजने न बघता फ्लश मारून दिला. चारेक दिवसांनी चांदणी चौकाच्या चढावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. त्याने तिथल्या तिथे गाडी कडेला घेऊन बंद केली आणि टोइंग बोलावलं, म्हणून इंजिन वाचलं. चेंबर उतरवला तर जाळीचा अर्ध्याहून जास्त भाग काळ्या पापुद्र्यांनी झाकलेला. हा दिवा ऑइल कमी झालं म्हणून लागत नाही, प्रेशर पडलं म्हणून लागतो, आणि बहुतेक गाड्यांत तो साधारण अर्ध्या बारच्या खाली गेल्यावरच लागतो, म्हणजे दिवा दिसला तेव्हा प्रेशर जवळपास संपलेलंच असतं. "पुढच्या पंपावर बघू" एवढाही वेळ नसतो त्यात.

मग आत बघायचं कसं? डिपस्टिकवर विसंबू नका. विकायच्या आधी नवीन ऑइल टाकलं की डिपस्टिक सोनेरीच दिसणार. डिझेलचं ऑइल उलट बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं आणि ते नॉर्मल आहे. सीएनजीवर तर काजळी कमी, ऑइल दिसायला छान राहतं पण आतून संपलेलं असू शकतं, त्यामुळे सीएनजी वॅगनआरचं ऑइल स्वच्छ दिसतंय म्हणून खूश होऊ नका. ऑइल भरायचं झाकण उघडा आणि मोबाइलचा टॉर्च मारून आतल्या धातूकडे बघा. ऑइलच्या खाली धातू दिसतोय, फार तर मधासारख्या रंगाचा, तर इंजिन चांगलं वापरलेलं आहे. बोटाने निघेल असा काळा मलिदा दिसला तर लक्ष द्या. खडबडीत, कोळशासारखे कडक थर दिसले तर फ्लशचं नावही काढू नका. झाकणाला आतून पांढुरका फेस असेल आणि थंडीचे दिवस असतील, गाडी जवळच्या जवळ फिरत असेल, तर ते बहुतेक वाफेचं पाणी असतं. तसा फेस डिपस्टिकवर पण असेल किंवा कूलंट कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग तपासा.

झाकणातून दिसतो तो इंजिनचा एक कोपराच. त्यामुळे शंका असेल तर टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं मोठं झाकण उघडायला सांगा, आणि अजून शंका असेल तर चेंबर उतरवून जाळी बघायला सांगा. काही गाड्यांत चेंबर तास-दीड तासात निघतो, काहींत सायलेन्सरचा पाइप नाहीतर खालचा मेंबर (इंजिनखालचा आडवा लोखंडी भाग) सोडावा लागतो, मजुरी लागणार, पण माझ्या मते अनोळखी गाडीवर फ्लशपेक्षा हा खर्च कितीतरी सार्थकी लागतो, कारण गाळाचा मोठा साठा चेंबरच्या तळाशी आणि जाळीवरच असतो आणि तो हाताने, डोळ्यांदेखत बाहेर काढता येतो. तिथे रॉकेल वापरा हवं तेवढं.

आणि मग बाकीचं काम नवीन ऑइललाच करू द्या. चांगल्या ऑइलमध्ये डिटर्जंट आणि डिस्पर्संट असतातच, जमलेलं काळं हळूहळू सोडवायचं आणि बारीक कण तरंगत ठेवून फिल्टरपर्यंत न्यायचं हेच त्यांचं काम, फक्त त्याला वेळ लागतो. त्यामुळे जुनी गाडी घेतल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं आणि स्पेसिफिकेशनचं ऑइल आणि चांगला फिल्टर टाकून हजार-दीड हजार किलोमीटर चालवा, मधे एखादा लोणावळा नाहीतर महाबळेश्वर करा म्हणजे ऑइल नीट तापेल, परत ऑइल-फिल्टर बदला, मग तीन हजारावर परत. पहिल्या दोन वेळा सगळ्यात महाग सिंथेटिक टाकायची गरज नाही, स्पेसिफिकेशन मात्र बरोबर हवं. बीएस ६ डिझेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) असलेली गाडी असेल तर कमी राखेचं ऑइलच लागतं, तिथे तडजोड नको. फिल्टर, ऑइल नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत घेतलंत तरी पक्कं बिल घ्या, डुप्लिकेट माल सगळीकडेच फिरतो.

काही इंजिनांत जास्तच सांभाळून. फियाटचं १.३ डिझेल, जे मारुतीने डीडीआयएस आणि टाटाने क्वाड्राजेट नावाने विकलं आणि जे आपल्या रांजणगावलाही बनायचं, त्याच्या टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. ऑइलकडे दुर्लक्ष झालेल्या अशा इंजिनात आधीच चेन वाजत असेल तर फ्लश हा उपाय नव्हे, चेन किट बघा. इकोस्पोर्टचं १ लिटर इकोबूस्ट असेल तर त्याचा टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये फिरतो, तिथे सॉल्व्हंट घालू नका, बेल्टची स्थिती तपासा आणि ऑइल अगदी सांगितलेलंच वापरा.

फ्लश करावाच अशीही वेळ असते. हेड गॅस्केट जाऊन कूलंट ऑइलमध्ये मिसळलं, किंवा गाडीत पुराचं पाणी गेलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हाच्या, किंवा जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या आठवा, अशी एखादी गाडी पुढे बाजारात येऊ शकते. अशा इंजिनमध्ये दुधाळ झालेलं ऑइल आत ठेवणं फ्लशपेक्षा जास्त धोक्याचं. पण तिथेही आधी बिघाड दुरुस्त करायचा, पुराची गाडी असेल तर सिलिंडरमध्ये पाणी नाही ना हे बघितल्याशिवाय स्टार्टर मारायचाच नाही, आणि मग साधं स्वस्त ऑइल भरून, थोडं चालवून, काढून टाकायचं, ऑइल स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा, दर वेळी नवा फिल्टर. कॅनची गरज बहुतेक पडतच नाही.

आणि झाकणातून बघितलं, टॅपेट कव्हरखाली फक्त वार्निश आहे, सर्व्हिसचा रेकॉर्डही आहे, आणि तरी तुम्हाला कॅनवाला फ्लश करायचाच आहे, तर करा, पण गाडीपाशी उभं राहून. ऑइलची लेव्हल आधी बघा, काठोकाठ असेल तर कॅनएवढं काढून घ्या. इंजिन गरम, कॅन एकच, वेळ मोबाइलवर लावा, रेस नाही, टर्बोच्या गाडीत तर मुळीच नाही. मधे दिवा लागला किंवा टॅपेटचा आवाज वाढला तर वेळ संपायची वाट न बघता बंद करा. ऑइल गरम असतानाच काढा आणि थेंब थांबेपर्यंत चेंबरचा नट बंद करू देऊ नका, गॅरेजवाल्याला घाई असली तरी. जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघायला सांगा. काळे पापुद्रे दिसले तर तीच गाडी चेंबर उतरवायला परत वर घ्या, चमकणारे धातूचे कण दिसले तर प्रेशर गेज लावून बेअरिंगची तपासणी करून घ्या, नवीन ऑइल भरून घरी निघायच्या आधी.